पातळ फाइल आणि जाड फाइल

तुम्ही शिक्षक आहात आणि तुमचे प्रश्न दोन आहेत. वर्गातल्या १४ वर्षांच्या मुलाने दोन मित्रांसोबत दुसऱ्या एका मुलाला मारहाण करून त्याचा मोबाइल हिसकावला. प्रकरण मुलांच्या न्यायालयात आहे, मुलगा घरी आलाय, आणि त्याला पुन्हा वर्गात बसवायला बाकीचे पालक तयार नाहीत. तुम्ही काय करावं, हा एक प्रश्न. दुसरा मोठा आणि थोडा रागातून आलेला आहे: कायदा मुलांना इतका सैल सोडतो म्हणूनच हे वाढतं, मग गुन्हा मोठ्यांसारखा तर शिक्षाही मोठ्यांसारखी का नको?

मी बावीस वर्षं परिवीक्षा अधिकारी होतो, म्हणजे लोक ज्याला प्रोबेशन ऑफिसर म्हणतात तो. मुलाच्या घरी जायचं, शाळेत विचारपूस करायची, न्यायालयासाठी सामाजिक तपासणी अहवाल लिहायचा, आणि आदेश झाला की पुढे त्याच्यावर लक्ष ठेवायचं, असं ते काम. तुमचा राग मला परका नाही. मार खाल्लेल्या मुलाची आई समोरच्या बाकावर बसलेली असताना मारणाऱ्या मुलाच्या घरची परिस्थिती वाचून दाखवणं मला कधीच सोपं गेलं नाही. तरीही सुरुवात आमच्या कार्यालयातल्या कपाटापासून करतो.

त्या लोखंडी कपाटात पातळ फायली पुष्कळ होत्या आणि जाड फायली मोजक्या. पातळ फाइल म्हणजे पाच-सात कागद: तक्रार, जबाब, वयाचा दाखला, माझा अहवाल, आदेश. ती एकदा बंद झाली की पुन्हा उघडावी लागत नसे. जाड फाइल दोऱ्याने बांधलेली असायची, एकाच मुलाची चौथी, सातवी, नववी तक्रार पोटात घेऊन. पण नीट वाचली तर तिच्यातली गोष्ट गुन्ह्यापासून सुरू झालेली नसायची. नवव्या वर्षी शाळा सुटली. दहाव्या वर्षी घरातून पळाला, शोधून आणला, मार खाल्ला. अकराव्या वर्षी पुन्हा पळाला. पहिली चोरी त्यानंतरची. तोवर तीन-तीन खात्यांनी त्याची नोंद केलेली असे, आणि तो आता आमचा असं त्यांतलं एकही खातं म्हणालेलं नसे.

हे फक्त आमच्याच कपाटात होतं असं नाही. १९४५ साली जन्मलेल्या आणि अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात वाढलेल्या ९,९४५ मुलग्यांच्या अठराव्या वर्षापर्यंतच्या पोलिसी नोंदी गुन्हेशास्त्रज्ञ मार्विन वोल्फगँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या आणि १९७२ साली निष्कर्ष मांडले. साधारण एक तृतीयांश मुलांचं नाव कधी ना कधी पोलिसांच्या दप्तरी आलं होतं. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांचं ते एकदाच आलं, पुन्हा नाही. दुसऱ्या टोकाला ६२७ मुलं होती, एकूण संख्येच्या सहा टक्के. सगळ्या गुन्ह्यांपैकी निम्म्याहून जास्त गुन्हे या सहा टक्क्यांच्या नावावर होते.

सुधारणेबद्दल माझं म्हणणं यातूनच आलेलं आहे. पातळ फाइलला यंत्रणेने शक्य तितका कमी हात लावावा, आणि जाड फाइल एकदा हातात घेतली की सोडू नये. बहुतेक ठिकाणी उलट चालतं. पातळ फाइलवाल्याच्या वाट्याला तारखांमागून तारखा येतात. जाड फाइलवाल्याला दर वेळी नवं गृह, नवा अधिकारी, नवा वकील मिळतो, आणि प्रत्येक जण त्याला पहिल्यापासून सगळं विचारतो.

पहिल्या दिवशी कोणती फाइल जाड होणार हे ओळखता येतं का? खात्रीने नाही, आणि येतं म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. पण खुणा असतात. पहिला गुन्हा बारा वर्षांच्या आत झालाय का, शाळा सुटलीय का, आणि रात्री मूल कुठे आहे याची काळजी करणारं एक तरी मोठं माणूस घरात आहे का. टेरी मॉफिट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९३ साली हाच फरक नीट मांडला: काहींचं वाकडं पाऊल लहानपणापासूनचं आणि लांब चालणारं असतं, बहुतेकांचं मात्र फक्त किशोरवयापुरतं. वयाबरोबर गुन्हे चढतात आणि मग उतरतात, हे बेल्जियमच्या अॅडॉल्फ केतले यांनी १८३१ मध्येच आकडे मांडून दाखवलं होतं. म्हणजे बहुतेक मुलं आमच्यामुळे सुधारत नाहीत, मोठी होतात म्हणून सुधारतात. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे कबूल करायला जरा जड जातं.

तुमच्या मुलाबरोबर दोन मित्र होते, हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या संशोधकांनी २००५ साली संगणकावरच्या गाडीच्या खेळातून एक साधी गोष्ट तपासली: सिग्नल पिवळा झाल्यावर कोण किती पुढे दामटतो. १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी मित्र बघत असताना एकटं असतानापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करला. चोवीस वर्षांपुढच्यांत मित्रांच्या असण्याने फारसा फरक पडला नाही. माझ्या अहवालांत 'एकट्याने केलेला गुन्हा' हे शब्द क्वचितच आले. 'कोण कोण होतं रे' या प्रश्नाला मात्र नेहमी उत्तर मिळायचं.

आता कडकपणाचं बघू. डेन्मार्कने २०१० साली गुन्हेगारी जबाबदारीचं वय १५ वरून १४ केलं आणि २०१२ साली परत १५ केलं. दीड-दोन वर्षांच्या या फेरफाराने संशोधकांच्या हाती आयता प्रयोग पडला. चौदा वर्षांच्या मुलांचे गुन्हे शिक्षेच्या भीतीने कमी झाले नाहीत. उलट ज्यांना त्या वयात न्यायालयाची पायरी चढावी लागली त्यांनी पुन्हा गुन्हे जास्त केले, आणि शाळेतही ते मागे पडले. अमेरिकेत १९९५ च्या सुमारास 'सुपर-प्रीडेटर' मुलांची लाट येणार अशी भाकितं झाली आणि राज्याराज्यांत मुलांना प्रौढांच्या न्यायालयात पाठवण्याची दारं रुंद झाली. लाट आलीच नाही, किशोरांचे हिंसक गुन्हे त्याच काळात उतरू लागले. पुढे २००७ साली तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या तज्ज्ञगटाने सगळे अभ्यास एकत्र पाहिले: प्रौढांकडे पाठवलेली मुलं नंतर जास्त हिंसा करतात, कमी नाही.

मग लोक म्हणतात, शिक्षा नको तर निदान धाक तरी दाखवा. माझ्या एका वरिष्ठांची ही आवडती कल्पना होती: मुलांना एकदा खरा तुरुंग दाखवून आणू. न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात १९७० च्या दशकात हेच केलं गेलं. जन्मठेपेचे कैदी मुलांच्या तोंडावर ओरडून तुरुंगात काय काय होतं ते सांगत. त्यावरच्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं आणि गावोगावी नकला झाल्या. पुढे चिठ्ठ्या टाकून मुलांचे दोन गट करून झालेल्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा तुरुंग पाहून आलेल्यांनी न पाहिलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केल्याचं निघालं. मी हे वरिष्ठांना लिहून दिलं. सहल तरीही निघाली. परतताना मुलं गाडीत कैद्यांची नक्कल करत होती, आणि ती नक्कल चांगली वठत होती.

पण नुसती कडकपणाची बाजूच चुकते असं समजू नका. मायाळूपणाही चुकतो, आणि तो चुकला तर कुणाला कळतही नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ साली ५०६ मुलग्यांच्या जोड्या लावल्या गेल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाला समुपदेशक, शिकवणी, औषधपाणी, उन्हाळी शिबिरं असं सगळं काही वर्षं मिळालं, दुसऱ्याला काहीच नाही. जोन मॅककॉर्ड या संशोधक बाईंनी तीस वर्षांनंतर ही माणसं शोधून काढली. मदत मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी त्या दिवसांची प्रेमाने आठवण काढली, फार उपयोग झाला म्हणाले. नोंदी मात्र वेगळं सांगत होत्या. व्यसन, आजार, अकाली मृत्यू, पुन्हा पुन्हा गुन्हे, या सगळ्यांत मदत मिळालेल्यांचीच गत जास्त वाईट होती. पुढे बारकाईने पाहिल्यावर नुकसान मुख्यतः एकाहून जास्त वेळा शिबिराला गेलेल्या मुलांचं झाल्याचं दिसलं. वात्रट मुलांना एकत्र ठेवलं की ती एकमेकांची प्रेक्षक होतात, टाळ्या वाजवणारी.

हे वाचलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता, कारण मी स्वतः अशी शिबिरं भरवली होती. हौसेने.

म्हणून नव्या योजनेत 'मुलांचा गट' असा शब्द आला की मी आधी विचारतो, गटात कोण कोण आहे आणि त्यांच्यावर मोठी माणसं किती. निकाल लागेपर्यंत मुलांना जिथे ठेवतात त्या निरीक्षणगृहाचा प्रश्न हाच आहे. शंभर मुलांचं गृह आणि रात्री दोन पहारेकरी, तर तिथे राज्य कोणाचं चालणार? सगळ्यात दांडग्या मुलाचं. पातळ फाइलवाला तिथे पंधरा दिवस राहिला तरी नवी ओळख आणि नवे नंबर घेऊन बाहेर पडतो. शिकागोच्या ३५,००० हून जास्त मुलांच्या नोंदींवर एक अभ्यास झालाय. तिथे प्रकरण कोणत्या न्यायाधीशाकडे जाणार हे जवळजवळ नशिबावर ठरत असे, त्यामुळे सारख्याच प्रकरणांतली कोंडलेली आणि न कोंडलेली मुलं ताडून पाहता आली. कोंडलेल्यांची शाळा जास्त सुटली, आणि मोठेपणी तेच जास्त तुरुंगात गेले.

मग ज्याला बाहेर ठेवणं खरंच शक्य नाही, त्याचं काय? अशी मुलं असतात, मी पाहिली आहेत. एका मुलाबद्दल 'याला सोडू नये' असं मी स्वतः अहवालात लिहिलं, आणि आजही तसंच लिहीन. त्यांच्यासाठी बंद जागा हवी, पण छोटी आणि घराजवळची. अमेरिकेतल्या मिझुरी राज्याने बूनव्हिलची जुनी अवाढव्य संस्था १९८३ साली बंद केली आणि राज्यभर लहान गृहं काढली. दहा-बारा मुलांचा गट, तीच माणसं रोज सोबत, सुटल्यावरही तोच अधिकारी. कॅलिफोर्नियानेही राज्यपातळीवरच्या मोठ्या संस्था जून २०२३ अखेर बंद केल्या. छोटं गृह महाग पडतं, हे खरं. मोठं गृह स्वस्त पडतं, कारण त्याचा खर्च दहा वर्षांनी तुरुंगखात्याच्या नावे पडतो.

उशिराबद्दलही बोललं पाहिजे, कारण कायदे बदलताना त्याकडे कुणी पाहत नाही. चौदाव्या वर्षी केलेल्या चोरीचा आदेश माझ्या हातात आला तेव्हा मुलगा सतरा वर्षांचा होता, कामाला लागला होता आणि मिशा फुटल्या होत्या. न्यायाधीशांनी त्याला चोरीबद्दल चार शब्द सुनावले. तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला, कोणती चोरी हे आठवायलाच त्याला वेळ लागला. मुलांच्या बाबतीत आठवड्याभरात मिळालेली साधी समज दोन वर्षांनंतरच्या कठोर आदेशापेक्षा जास्त कामाची असते.

न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने याच्यावर एक तोड काढली. पुष्कळ प्रकरणं तिथले पोलीसच समज देऊन किंवा नुकसानभरपाई ठरवून मिटवतात. जी गंभीर असतात त्यांत मुलगा, त्याचे नातेवाईक आणि ज्याचं नुकसान झालं ते माणूस यांची एकत्र बैठक होते. ती बाकावरची आई आठवते ना? आमच्याकडे तिला साक्षीपुरतं बोलावत. तिथे तिला विचारतात, तुम्हाला काय हवं आहे. मी घेतलेल्या मोजक्या समेट-बैठकींत आयांनी मागितलेली गोष्ट क्वचितच शिक्षा होती. त्यांना 'माझ्याच मुलाला का?' याचं उत्तर हवं असायचं. मारणाऱ्या मुलांची मान पोलिसांसमोर खाली गेलेली मी फारशी पाहिली नाही, या प्रश्नासमोर जायची. सगळ्या बैठकी जमल्या असं नाही. एक तर हाणामारीवर आली होती.

'हे सगळं मऊ आहे' असं कुणी म्हणालं तर मी सांगेन की नुसती मऊ व्यवस्था धोक्याची असते. मुलांचं पहिलं वेगळं न्यायालय १८९९ साली शिकागोत निघालं, ते न्यायाधीश मुलाला बापाच्या मायेने वागवतील या कल्पनेवर. मायेच्या भरवशावर वकील, साक्षी, पुरावा सगळं ढिलं पडलं. ॲरिझोनात १५ वर्षांच्या जेराल्ड गॉल्टला शेजारणीला अश्लील फोन केल्यावरून वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत सुधारगृहात पाठवलं. मोठ्या माणसाला त्याच गुन्ह्यासाठी ५ ते ५० डॉलर दंड किंवा फार तर दोन महिने कैद झाली असती. तक्रार करणारी बाई न्यायालयात आलीच नव्हती. १९६७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठणकावलं की मुलालाही वकील आणि रीतसर सुनावणी मिळालीच पाहिजे. तरीही पुढे पेनसिल्व्हेनियातल्या ल्युझर्न काउंटीत दोन न्यायाधीश खासगी सुधारगृहाशी जोडलेल्या लोकांकडून पैसे घेत असल्याचं उघड झालं. पुष्कळ मुलांना वकिलाशिवायच आत पाठवलं गेलं होतं. २००९ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला हजारो निकाल रद्द करावे लागले. माझ्यासमोर कितीतरी मुलं 'हो, मी केलं' म्हणाली ती फक्त घरी लवकर जायला मिळेल म्हणून. त्यांतल्या काहींनी केलेलं नव्हतं.

आता तुमच्या मूळ मुद्द्यावर, गंभीर गुन्ह्यांवर. भारताच्या २०१५ च्या कायद्याने १६ ते १८ वयाच्या मुलांसाठी एक वाट उघडली. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे, त्यात मुलांची प्रकरणं चालवणारं बालन्याय मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं: गुन्हा करण्याची मानसिक-शारीरिक क्षमता होती का, परिणाम कळत होते का. मग त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवावा की नाही ते ठरतं. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे. सूचना योग्यच आहे. माझी अडचण त्या आधीची आहे. काही आठवड्यांनी एका खोलीत शांतपणे बसलेल्या मुलाला 'परिणाम कळतात का' विचारलं तर तो हो म्हणणारच. पिवळ्या सिग्नलला, मित्र ओरडत असताना त्याला काय कळत होतं, ते कोणत्या चाचणीतून कळणार? मला जर्मनीची रीत जास्त पटते. तिथे चौदापासून जबाबदारी आहे, प्रकरण मुलांच्याच न्यायालयात राहतं, मुलांना जास्तीत जास्त दहा वर्षांची शिक्षा होऊ शकते, आणि १८ ते २० वयाच्यांनाही समज कच्ची असेल तर मुलांचा कायदा लावता येतो. दहा वर्षं म्हणजे सैल सोडणं नव्हे. पण ती कुठे आणि कोणाबरोबर काढायची, हे मुलांना ओळखणारी माणसं ठरवतात.

आता तुमचा मुलगा. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून फाइल पातळ दिसते: शाळा चालू आहे, आई-वडील तारखेला हजर होते, पहिलीच तक्रार. शाळेने नाव काढलं तर ती जाड व्हायला तिथून सुरुवात होईल. त्याला परत घ्या.

पण आधी एक विचारा, मार खाल्लेला मुलगा तुमच्याच शाळेत आहे का? असेल तर पहिलं बोलणं त्याच्याशी आणि त्याच्या घरच्यांशी, आणि त्याची तुकडी बदलायची वेळ येता कामा नये. बदलायची तर याची बदला. ते दोन मित्र तुमच्याच शाळेत असतील तर तिघांना तीन वर्गांत बसवा आणि त्यांच्यासाठी 'सुधारणा वर्ग' वगैरे काढू नका. इतर पालकांना प्रकरणाचा तपशील सांगू नका; मुलाची ओळख उघड करणं बऱ्याच देशांत गुन्हा आहे, भारतातही. 'शाळेने सुरक्षेची व्यवस्था केली आहे' एवढं सांगा, आणि ती खरंच करा.

परत आलेल्या मुलासाठी एक माणूस ठरवा. समिती नको. तुम्ही स्वतः किंवा त्याला आवडणारे खेळाचे शिक्षक. रोज दोन मिनिटं, 'जेवलास का, काल कुठे होतास' एवढंच. तारीख परीक्षेच्या दिवशी आली तर त्याच्या वकिलाला किंवा प्रोबेशन ऑफिसरला आधीच कळवा, बदलून मिळू शकते. सलग तीन दिवस आला नाही तर चौथ्या दिवसाची वाट न पाहता घरी फोन करा.

आणि पुढच्या तारखेआधी न्यायालयासाठी एक पानभर पत्र लिहा: हजेरी किती, वागणूक कशी, शाळा त्याला ठेवून घ्यायला तयार आहे की नाही. गुणगान नको, खरं तेवढंच. ते प्रोबेशन ऑफिसरकडे द्या, अहवालाला जोडायला सांगा. शिक्षकांनी आपणहून लिहिलेली अशी पत्रं बावीस वर्षांत माझ्याकडे फार तर दहा-बारा आली असतील. न वाचता बाजूला ठेवलेलं त्यांतलं एकही मी पाहिलं नाही.